लिंबूबाबाचा गंडा आणि कांद्याची गोणी

पिशोरच्या अलीकडं चढ लागतो, तिथं चिंचेखाली अमावस्येला हीऽ गर्दी. माणसांची भुतं उतरवणारे मुलखात बक्कळ होते. लिंबूबाबांनी मोटारसायकलींची उतरवायला घेतली होती. धंद्यात नवं काही लागतंच.

काकासाहेबानं नवी गाडी घेतली तेव्हा बाबांनी क्लचच्या लिव्हरला काळा गंडा बांधला. लिव्हर आणि मूठ मिळून, आवळून. पुढं दर अमावस्येला नवा गंडा. आणि तेव्हापासूनच बायको द्वारका मागं बसली की चढावर इंजिन बोंबलायचं, गाडी मात्र रांगायची.

“हाडळ हाय,” बाबा म्हणाले होते. “पोरीच्या पाठीवर बसती. हे वजन माणसाचं नव्हं, मढ्याचं.”

मागच्या खेपेला त्यांनी ते वजन निरगुडीच्या फोकानं उतरवलं. वळ द्वारकाच्या पाठीवर होते. हाडळीला लागलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

आज निकाल होता. गाडी चढली नाही तर द्वारकानं वैजापूरला माहेरी जायचं, आणि दोन वर्षांची छबू इथंच राहायची.

“लेकराला लागण नको,” सासू भागूबाई म्हणाली आणि छबूला कडेवर घट्ट धरून उभी राहिली.

बाबांनी कातर घेतली. “जुना गंडा हाडळीनं भरला,” म्हणत तो कापला. काकासाहेब एकटाच वळणापर्यंत सुसाट जाऊन आला. लोकांनी हात जोडले. बाबांनी दाताखाली दोरा धरून नवा गंडा आवळला. “बस आता, पोरी.”

द्वारका बसली. इंजिन कोकललं, गाडी रांगली.

“बघितलं? नवऱ्याला सोडती, हिला धरती.”

द्वारका खाली उतरली. नाकात जळका वास होता, आणि तो तिच्या ओळखीचा होता. बापाच्या पिठाच्या गिरणीत पट्टा घसरला की इंजिन असंच पळायचं, जातं जागेवर कण्हायचं, आणि हाच वास सुटायचा. बापानं तेवढ्यासाठी कुणाला झोडपलं नव्हतं. पट्टा बघितला होता.

“बाबा, हे एकटे गेले तवा गंडा नव्हता. मी बसले तवा होता.”

“बाईच्या तोंडून हाडळ बोलती,” बाबा म्हणाले.

“बोलू द्या. माझ्या जागी एक गोणी बसवा.”

कांद्याचा टेम्पो बाजूलाच उभा होता. “बसवा की,” टेम्पोजवळ उभे असलेले म्हातारे आप्पासाहेब बिडी विझवत म्हणाले. “कांद्याला हाडळ लागती का, ते तरी कळंल.”

गोणी बांधली. इंजिन कोकललं, गाडी रांगली. गर्दीत कोणीतरी फिस्सकन हसलं.

द्वारकानं बाबांच्या खाटेवरची कातर उचलली आणि गंडा कापला. लिव्हर टुणकन बोटभर बाहेर आलं. तीच गोणी घेऊन गाडी वळण चढून गेली.

क्लचच्या प्लेटा एकमेकींना घट्ट धरतात, तेव्हाच इंजिनाची ताकद चाकाला मिळते. लिव्हर दाबलं की त्या सुटतात. गंड्यानं ते कायम अर्धवट दाबलेलं राहायचं. सपाटीला एकट्यानं निभायचं. चढ आणि ओझं आलं की प्लेटा घसरायच्या, जळायच्या. हाडळ एवढीच.

परत आल्यावर काकासाहेब गर्दीत उभ्या असलेल्या बद्रीनाथ मिस्त्रीकडं वळला. “तू दोन डाव प्लेटा बदलल्या. तुला दिसलं नाय?”

“दिसलं की.” बद्रीनाथनं फडक्याला हात पुसले. “देवाची दोरी मी कशाला सोडू? अन् सोडली असती, तर गाडी परत माझ्याकडं आली असती का?”

बाबांनी डोळे मिटून घेतले. काहींना समाधी वाटली.

काकासाहेब द्वारकाकडं न बघता म्हणाला, “झालं ते झालं. चल, बस मागं.”

“मागं गोणी हाय. तिलाच न्या.”

तिनं भागूबाईच्या कडेवरून छबूला घेतलं. भागूबाईचे हात आपोआप सैल पडले होते. लेकराला पाठुंगळी घेताना वळांवर दाब आला. द्वारका क्षणभर थांबली आणि एसटीच्या थांब्याकडं चालू लागली.

पुढच्या अमावस्येलाही चिंचेखाली गर्दी होती. बाबा आता गंडा आरशाला बांधतात.

तर बाबांनो, गाडी चढावर घसरली तर आधी लिव्हरला थोडी ढील आहे का बघा. मग केबल बघा, प्लेटा बघा. आणि बाईच्या पाठीवर फोक उचलण्याआधी निदान एक गोणी तरी बसवून बघा.