डाव्या बाजूची बैठक

ऑपरेटरबाईंनी टेलिफोन एक्स्चेंजमधली नोकरी सोडून बरीच वर्षं झाली होती, तरी गल्लीत त्यांना सगळे त्याच नावाने ओळखत. त्यांचे यजमान कारखान्यात लेथवर टर्नर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी भंगारातून एक जुनीपुराणी मोटरसायकल उचलून आणली आणि घरालगतच्या गॅरेजमध्ये मुक्कामच ठोकला. चहासुद्धा तिकडेच. बाई म्हणायच्या, "सवत आणली असती तर निदान कपड्यांना ग्रीस तरी लागलं नसतं."

इंजिन खोलून झालं होतं, पेट्रोलच्या टाकीला रंगाचा पहिला हात बसला होता, आणि एका सकाळी दाढी करता करता टर्नर कोसळले. उजवी बाजू गेली. पुढे पायात काठी टेकत चालण्याइतका जोर आला, हात मात्र लुळाच राहिला. वाचाही गेली. म्हणजे अगदीच गेली असं नाही. 'अगं' आणि 'नाही' एवढं शिल्लक राहिलं. बाकीचे शब्द आले तर भलतेच यायचे. पाणी हवं असलं की 'खिडकी' म्हणायचे. चुकलं हे त्यांना स्वतःला कळायचं, आणि बाईंच्या जिवाला तेच लागायचं. मग ते भिंतीकडे तोंड करून बसत.

चालण्याच्या सरावासाठी घरात लांब कठडा बसवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेवढी जागा गॅरेजमध्येच होती. बाईंनी मनाचा हिय्या केला आणि जुन्या गाड्या जमवणाऱ्या एका गृहस्थांना बोलावलं. त्यांनी टाकी उचलली, टेम्पोकडे निघाले, तो दारात टर्नर उभे. काठी दारात आडवी धरलेली.

"काका, जपेन मी तिला," गृहस्थ म्हणाले.

"नाही."

"अहो, तुम्ही आता काय करणार आहात तिचं?" बाई बोलून गेल्या आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

टर्नर दाराच्या चौकटीला टेकले. काठी भिंतीला लावली, डावा हात वर केला आणि बोट बायकोवर रोखलं. "अगं," एवढंच म्हणाले.

गृहस्थांनी टाकी मुकाट्याने जागेवर ठेवली.

कठड्याचा विषय मागे पडला. दुसऱ्या दिवसापासून टर्नर स्टुलावर आणि बाई जमिनीवर, जुन्या चादरीवर बसू लागले. सुट्या भागांचे डबे उघडले. कशातलं काय कुठे बसतं, याचा बाईंना गंध नव्हता. टर्नर पाना मागायचा तर 'चमचा' म्हणत. कार्बोरेटरला त्यांनी का कोण जाणे, 'मावशी' नाव दिलं. पण बाईंचा जन्म खरखरत्या लाइनीवर समोरच्याला काय हवंय ते ओळखण्यात गेला होता. त्या हळूहळू न विचारता योग्य ती वस्तू पुढे करू लागल्या. बाईंचा धाकटा भाऊ एकदा सहज आला, तेव्हा त्याच्या कानावर आलं, "मावशीला रॉकेलने धुतलंय, आता उन्हात ठेवते." तो बिचारा दारातच थबकला.

सगळंच काही गोडीत चाललं नव्हतं. पिस्टनवर रिंग चढवताना बाईंनी ती जास्त फाकवली आणि कट्कन मोडली. टर्नरनी हातातला फडका भिरकावला. बाईही उठल्या. "मी तारा जोडत आले आयुष्यभर, लोखंड नाही," म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी घासत बसल्या. नवी रिंग आली तेव्हा टर्नरनी बाईंचे दोन्ही अंगठे स्वतःच्या डाव्या हाताने रिंगेच्या टोकांवर ठेवले आणि किती फाकवायचं ते दाबून दाखवलं. त्या आजारानंतर त्यांनी आपण होऊन बायकोचा हात पहिल्यांदा धरला होता. रिंग बसली.

इंजिन सुरू झालं त्या दिवशी किक भावाने मारली. गॅरेजभर धूर झाला. टर्नर डोळे मिटून आवाज ऐकत राहिले. त्यांची नजर चुकवून भाऊ बाईंना बाहेर घेऊन गेला. त्याचा लोखंडी फाटकं आणि जाळ्या बनवायचा कारखाना होता.

"ताई, भावजींना ही कधीच चालवता येणार नाही. माहितेय ना तुला?"

"माहितेय. मी चालवणार."

"तू? आणि ते?"

"बाजूला बसतील. तू साइडकार बनव."

भावाने पाइपाचा सांगाडा केला, त्यावर पत्रा चढवला. अधू पाय वाकवायला लागू नये म्हणून बैठकीचं दार चांगलं रुंद ठेवलं. सांगाडा गाडीला कुठे जोडायचा त्या खुणा तो खडूने करू लागला, तेव्हा टर्नरनी काठीने त्या एकेक करून पुसल्या आणि घरात निघून गेले. त्यानंतर ते गॅरेजमध्ये येईनात.

बाई त्यांच्या पलंगापाशी जाऊन बसल्या.

"तुमच्या गाडीला एक भोक पाडू देणार नाही. सगळं क्लॅम्पवर बसेल, काढलं तर खूणही राहणार नाही. पण दोन चाकांवर मागे बसवलं तर तुम्ही पडाल. मला भीती वाटते हो." जरा थांबून त्या म्हणाल्या, "आणि एकटीने फिरायला मी ती जोडलेली नाही."

टर्नर भिंतीकडेच बघत राहिले.

भावाने साइडकार क्लॅम्पवर जोडून दिली आणि बाई मैदानावर शिकू लागल्या. बैठकीत टर्नरच्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवायची, मागे भाऊ धावायचा. वेग वाढवला की गाडी डावीकडे ओढायची. थोडं ओढतेच, असं भाऊ म्हणाला; पण बाईंचे दंड रोज भरून यायचे. एका संध्याकाळी त्या गाडी आत लावत होत्या, तेवढ्यात मागे काठीचा आवाज आला. टर्नर येऊन साइडकारच्या चाकाकडे बघत उभे राहिले. वाकता येईना, म्हणून काठीचं टोक त्यांनी झिजलेल्या टायरवरून फिरवलं. टायर एकाच बाजूने खरडला होता. मग मागच्या जोडदांड्यावर दोनदा टकटक केलं.

"हा आखूड करू?"

मान हलली. बाई आडव्या झाल्या, नट सैल केला, दांडा जरासा फिरवला. काठी पुन्हा वाजली. आणखी थोडा. पुन्हा. शेवटी चाक मनासारखं सरळ झालं, तेव्हा टर्नर साइडकारपाशी गेले आणि डाव्या हाताने एक पोतं ओढू लागले. एका हाताने ते जागचं हलेना. ते ओढतच राहिले. बाई कपड्यांवरची माती न झटकता उठल्या आणि पोत्याचं दुसरं टोक धरलं.

रविवारी सकाळी दोघं निघाले. लुळा हात बाईंनी त्यांच्या मांडीवर नीट ठेवला, पायांवर शाल घातली. गाडी सरळ चालली. बाजार मागे पडला, कारखान्याची भिंत संपली, मोकळा रस्ता लागला. बाईंचं सगळं लक्ष समोर होतं, शेजारी बघायची त्यांना छातीच होत नव्हती. तलावाच्या बांधावर थांबून इंजिन बंद केलं, तेव्हा कळलं की टर्नर रडताहेत. आवाज नव्हता. चेहऱ्याची एकच बाजू हलत होती आणि पाणी दोन्ही डोळ्यांतून वाहत होतं.

बाईंच्या ओठांवर 'उगी' आलं होतं, ते त्यांनी गिळलं. दवाखान्यातून आल्यापासून हा माणूस रडला नव्हता. त्या उतरून साइडकारच्या काठावर बसल्या, त्यांच्याकडे पाठ करून, पाण्याकडे बघत. मागून हुंदके येत राहिले. बऱ्याच वेळाने ते थांबले, तेव्हा बाईंनी मागे न बघता पदर त्यांच्याकडे केला. टर्नरनी त्यात तोंड पुसलं आणि पदर हातातच धरून ठेवला.