हुसैनमियाँची साक्षीदार

मित्रांनो, माझी काच कोपऱ्यात तडकली आहे आणि वायर तिरकी धरल्याशिवाय मला चार्जिंग होत नाही. मी एक जुना मोबाईल आहे. मस्कतला रुवी भागातल्या एका दुकानात काचेमागे ऐटीत बसलो होतो, तेव्हा साईने मला त्याच्या बायकोसाठी, देविकासाठी घेतलं. "कॅमेरा बघा काय आहे," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

मस्कतमध्येच, दार्सैत भागातल्या त्यांच्या लहानशा घरात मी पुष्कळ राबलो. यशश्री जन्मली तेव्हा तिचा पहिला फोटो मी काढला. ती झोपेनाशी झाली की मीच गाणी म्हणायचो. चिपळूणच्या आजीला तिचा पहिला दात मी दाखवला. "हा फोन नसता तर मला नात दिसली नसती," असं आजी म्हणाली, तेव्हा मला अगदी भरून आलं.

एके संध्याकाळी देविका बाळाला बाबागाडीत घालून कृष्णमंदिराकडे निघाली. सिग्नलपाशी ती थांबली आणि टोपी घातलेल्या यशश्रीचा फोटो काढू लागली. पायी जाणाऱ्यांचा हिरवा दिवा लागला. पुढे हुसैनमियाँ होते. ते आमच्या गल्लीतले शिंपी, मूळचे रत्नागिरीचे. यशश्रीची झबली त्यांनीच शिवलेली. ते रस्ता निम्मा ओलांडून गेले असतील नसतील, तोच एक पिकअप सिग्नल तोडून आला. माझा कॅमेरा बाळाकडे होता. मी फक्त आवाज ऐकला. देविकाने मात्र सगळं पाहिलं.

"ताई, दिवा हिरवा होता ना?" रस्त्यावर पडल्या पडल्या हुसैनमियाँनी विचारलं.

"हिरवाच होता, मियाँ. मी सांगते त्यांना."

तिने पोलिसांना सांगितलंही, माझा नंबर दिला, आपलं रहिवासी कार्ड दाखवलं. त्या दिवशी मला तिचा फार अभिमान वाटला.

पुढचं सांगताना मला लाज वाटते. काही आठवड्यांनी माझ्यावर अरबीत एक मेसेज आला. मित्रांनो, इकडे आपली माणसं अरबी मेसेज उघडतच नाहीत. बर्गरची नाहीतर रिचार्जची जाहिरात असणार, असं समजून बोटाने बाजूला सारतात. देविकानेही तेच केलं. दुसरा आला तेव्हा शेजारच्या हाफिजाआपा बसल्या होत्या. त्या दवाखान्यात रिसेप्शनला असतात, त्यांना अरबी समजतं.

"अगं, जाहिरात कसली? कोर्टाचं बोलावणं आहे. पहिली तारीख चुकवलीस वाटतं. आता तरी जा, नाहीतर न्यायला येतील."

देविका घाबरली. साई घरी आला तो आणखी घाबरला.

"आपण इथे पोटासाठी आलोय, देविका. कोर्टात पडायचं नाही. उद्या व्हिसा अडला तर बाळाला घेऊन कुठे जाणार आहेस?"

"पण मी मियाँना शब्द दिलाय रे."

"तू नाही गेलीस म्हणून कोर्ट बंद पडणार आहे का? नंबरच बदलून टाकू. खलास."

तिला वाद घालता आला असता. तिने घातला नाही. माझं सिम काढलं आणि मला रुमालांच्या खाली खणात ठेवलं. नवा फोन आला. मी अंधारात पडून यशश्रीचे नवे शब्द ऐकत होतो. तिने "आई" म्हटलेलंही मी खणातूनच ऐकलं.

नंबर बदलला तरी माणूस कार्डावर सापडतोच. एका सकाळी दारात पोलीसबाई उभ्या राहिल्या. त्या ओरडल्या नाहीत. "यल्ला, चलो सिस्टर, बेबीको भी ले लो," एवढंच म्हणाल्या. जिन्यात सगळे शेजारी बघत होते. मेसेज माझ्यात होते, म्हणून देविकाने मला बाहेर काढलं आणि माझं सिम पुन्हा घातलं.

कोर्टात दुभाष्याने विचारलं, का आला नाहीत? तिला खोटं बोलायला सुचेना. "घाबरले," ती म्हणाली. दंड झाला. मग तिने जे पाहिलं होतं ते सांगितलं. पिकअपवाला इतके दिवस म्हणत होता की म्हाताराच लाल दिव्यात मध्ये आला. ते खोटं ठरायला आमच्या देविकाची पाच मिनिटं पुरली.

बाहेर बाकावर कुबड्या टेकून हुसैनमियाँ बसले होते. तिला पाहून ते सरकले आणि जागा केली.

"बसा ताई. पदरात लहान बाळ, जमलं नसेल तुम्हांला."

"जमलं असतं, मियाँ."

हुसैनमियाँनी कुबड्या भिंतीला टेकवल्या. मग म्हणाले, "आमच्या लेकीचा, तूबाचा निकाह झाला. गावाला जाणार होतो मी. पण कोर्टाची तारीख पुढे गेली. मी इथे नसलो तर लोक म्हणाले असते, याचीच चूक होती, म्हणून पळाला. मग राहिलो इथेच." त्यांनी खिशातून बटणांचा फोन काढून दाखवला. "यात व्हिडिओ दिसत नाही. आमचा भाचा साकिब गावाहून तुमच्या फोनवर पाठवेल. बघू का जरा?"

देविकाने मान डोलावली. वर बघणं तिला जमलं नाही.

मित्रांनो, माझ्या तडकलेल्या काचेवर तूबाचा निकाह लागला. हुसैनमियाँ अगदी जवळून बघत होते. नवरी सुंदर दिसत होती. वडिलांच्या जागी तिचे मामा बसले होते.

मी फार मोठा फोन नाही, माझं ऐकाच असा हट्टही मी धरू शकत नाही. मला हवं तर आपटा, खणात टाका, विसरून जा. पण तुम्ही काही पाहिलं असेल आणि ते सांगायला कुणी बोलावलं, तर जा. भाषा कळली नाही तर शेजारी विचारा. भीती वाटली तर कुणाला तरी सोबत घ्या. बाळ असेल तर कडेवर घेऊन जा. तिथल्या बाकावर कुणीतरी तुमची वाट बघत बसलेलं असतं, आणि त्याचं घरातलं कार्य त्याच्यासाठी थांबत नाही.