शंभराच्या आतली आरती

दहावीच्या निकालालासुद्धा आमच्या ठाकुर्लीच्या सोसायटीत मार्कांची एवढी चर्चा होत नाही, जेवढी एकवीस सालच्या गणपतीत झाली. फक्त या वेळी परीक्षा रक्ताची होती. अध्यक्ष देवराम यांनी लॅबचा माणूस बोलावून सगळ्यांच्या अँटिबॉडी तपासून घेतल्या आणि आकडे नावांसकट नोटीसबोर्डावर लावले. स्वतः देवराम चारशे बारा, पहिले. मी एकशे तीन. काठावर पास होण्याची मला जुनी सवय आहे.

खाली नियम होता. शंभराच्या वरच्यांनी हॉलमध्ये, मास्कशिवाय आरती म्हणावी. बाकीच्यांनी जिन्यात उभं राहावं.

यादीत शेवटचं नाव कमळाबाई भोईर यांचं. वय चौऱ्याहत्तर, आकडा अडतीस. आमची इमारत त्यांच्या भातशेतावर उभी आहे, आणि ती उभी राहिल्यापासून बावीस वर्षं आरती त्याच सुरू करतात. त्यांनी टाळ उचलल्याशिवाय कोणी निरांजनही पेटवत नाही.

"मावशी, गैरसमज नको," देवराम म्हणाले. "जिन्यातून टाळ्या वाजवल्या तरी पुण्य तेवढंच."

"मंग तू वाजव. मला गेल्या साली कोरोना झाला, दोन सुया झाल्या, तरी मी नापास?"

"आकडा बोलतो, मावशी. मला आता पुन्हा होणं शक्यच नाही."

दुसऱ्या दिवशी कमळाबाई नातीला, सान्वीला घेऊन नौपाड्याला डॉक्टर हेमांकडे गेल्या. परतताना दोघी मला फाटकाशी भेटल्या.

"डॉक्टर काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"आकडा कमी म्हणजे अंगातली ताकद संपली असं नाही, काका," सान्वी म्हणाली. "आणि जास्त म्हणजे पुन्हा होणारच नाही, असंपण नाही. किती आकडा असला की माणूस सेफ, ते अजून कोणालाच नक्की माहीत नाही. बंद खोलीत ओरडू नका म्हणाल्या, बस."

"देवरामांना सांगितलंत?"

"सांगितला ना," कमळाबाई म्हणाल्या. "तर इचारतो, डॉक्टरीणबाईंचा आकडा किती?"

चतुर्थीच्या संध्याकाळी हॉलच्या खिडक्या कागदी हिमालयाने झाकल्या होत्या. दार बंद, एसी चालू. कमळाबाई जिन्यात काही गेल्या नाहीत. त्यांनी खाली पार्किंगमध्ये खुर्ची टाकली, मास्क वर ओढला आणि टाळ वाजवला.

आत देवरामांनी फार वरची पट्टी धरली. दुसऱ्याच कडव्याला त्यांचा आवाज फुटला. बाहेरून मात्र मास्कमधूनही कमळाबाईंचा आवाज आमच्या अंगावर येत होता. दार हळूच उघडून एकेक जण सटकला. मीही सटकलो. एकशे तीनवाल्याने बाहेर जाऊ नये, असं नियमात कुठे म्हटलं नव्हतं. शेवटी आत देवराम राहिले, तीनशेच्या वरचे तिघे राहिले आणि गणपती. गणपतीला पर्याय नव्हता.

चौथ्या दिवशी देवरामांना मोदकाचा वास येईना. संध्याकाळपर्यंत रिपोर्ट आला, पॉझिटिव्ह. तीनशेवालेही आपापल्या घरात कोंडून बसले. देवरामांचा ताप एकशे एक होता, म्हणजे नियमाप्रमाणे तोही पास. आकड्याची बाजू घ्यायची तर एवढं सांगतो, हॉस्पिटल लागलं नाही.

पाचव्या दिवशी कमळाबाईंनी हॉलचा ताबा घेतला. बसवलेली मूर्ती हलवत नाहीत, म्हणून त्यांनी हिमालय हलवला. खिडक्या उघडल्या, दारं सताड उघडी ठेवली आणि सगळ्यांना लांब लांब पार्किंगमध्ये उभं केलं. बोर्डावरची यादी फाडून तिच्यावर कापूर ठेवला.

पहिल्या मजल्याच्या गॅलरीत देवराम येऊन उभे राहिले.

"कसा हाय रे?" कमळाबाईंनी खालून विचारलं.

"बरंय, मावशी. वरून दोन ओळी म्हणू का?"

"आधी मास्क लाव. आनि नुसत्या टाळ्या वाजव. पुण्य तेवढंच."

आणि त्यांनी टाळ उचलला.