सूचीत नसलेला सूड

मित्रांनो, माझ्या पोटात एक पत्र कित्येक महिने पडून होते. ते शिंप्याला त्याच्या ताईने लिहिले होते. शेवटी एकच प्रश्न होता : 'मुकादम तुझ्याजवळ येऊन बसतो का? एवढं कळव.' शिंप्याने ते वाचले, माझ्या पानांत खुपसले आणि मला पुन्हा कापड कापायच्या टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवले. उत्तर द्यायचे राहून गेले.

मी एक जुना ग्रंथ आहे. 'मांजर : आजार आणि स्वभाव' हे माझे नाव. लोक मला चोपडे म्हणतात. म्हणोत. मलाही माझा फार अभिमान नाही. मुखपृष्ठावरच्या मांजराला चित्रकाराने सशाचे कान काढले आहेत, आणि बांधणाऱ्याने माझे एक प्रकरण उलटे शिवले आहे. मला लिहिणारा जनावरांचा डॉक्टर माणसांशी बोलताना अडखळायचा. ती अडखळ माझ्यातही उतरली. माझ्या दर दुसऱ्या वाक्यात 'बहुधा' येतो. पण खरे सांगू? तुम्हा माणसांची खात्री पाहिली की मला माझा 'बहुधा' फार शहाणा वाटतो.

ताईच्या घरी माझे दिवस बरे गेले. ती हात धुऊन मला उघडायची. तिचा मुकादम हा जाडजूड पिवळा बोका. कोणी काम करू लागले की तो त्याच्याभोवती फेऱ्या मारून नजर ठेवायचा, म्हणून ते नाव. तो कपाटामागे लपला की ताई 'चिडलाय' म्हणत नसे. मांजर दुखणे लपवते, हे तिने माझ्यात वाचले होते. त्याने खुर्ची ओरबाडली तेव्हा तिने त्याला मारले नाही, खुर्चीच्या पायाला जुने पायपुसणे गुंडाळून दिले. तो तिच्याकडे बघून विश्वासाने सावकाश डोळे मिटायचा, आणि तीही तशीच मिटायची. शेजारणींना वाटायचे, म्हातारीचे डोके फिरले. शेजारणींनी मला कधी उघडले नव्हते.

पुढे ताईला लेकाकडे, दुसऱ्या गावी जावे लागले. सुनेला मांजराच्या केसांनी धाप लागायची. म्हणून मुकादम, त्याची टोपली, त्याच्या शी-शूचा मातीचा ट्रे आणि मी, असे सगळे धाकट्या भावाकडे आलो.

हा भाऊ म्हणजे शिंपी. माणसाच्या अंगाचे माप त्याला एका नजरेत कळायचे. त्यापलीकडे काही कळत असल्याचा पुरावा मला मिळाला नाही. मातीचा ट्रे त्याने खडखडणाऱ्या मशीनशेजारी ठेवला. बायकोने दुधाने वाटी भरली. मांजर म्हटले की दूध, एवढेच माणसांचे ज्ञान. मुकादमचे पोट बिघडले, तर म्हणे ताईंनी लाडावून ठेवलंय.

मग तो कापलेल्या कापडावर बसू लागला आणि थेंबथेंब लघवी करू लागला.

"अहो, हा सूड उगवतोय," बायको म्हणाली. "ताईंपासून तोडलं ना आपण त्याला."

शिंप्याला पटले. सूड हे त्याच्या ओळखीचे दुखणे होते.

एका सकाळी गिऱ्हाइकाच्या कोटाचे अस्तर भिजलेले सापडले. शिंप्याने मुकादमला मागच्या अंगणात टाकून दार लावले आणि संध्याकाळी त्याला बाजारापलीकडे सोडून येतो असे जाहीर केले. पण ताईला कळवणे भाग होते. लिहायला खाली काहीतरी कडक हवे, म्हणून त्याने मला टेबलाखालून ओढले. माझ्या पाठीवर कागद ठेवून लिहिले : 'ताई, तुझा मुकादम सुडाने कपडे खराब करतो. त्याला सोडून देत आहे.'

इथे पेन थांबले. ताई पुस्तकातले दाखले देऊन भांडते, हे त्याला लहानपणापासून माहीत होते.

"तिच्याच पुस्तकातून दाखवतो तिला," तो म्हणाला आणि त्याने माझी शेवटची सूची उघडली. बोट 'स'खाली सरकू लागले. सर्दी. सुस्ती. सूज. आणि 'सूज'नंतर थेट स्थूलपणा.

सूड नव्हता. शिंप्याने बोट पुन्हा वरून खाली आणले. मग छापणाऱ्याला शिव्या देत ते मागे नेले आणि 'लघवी, नको तिथे करणे' यावर टेकवले. ते पान काढून तो ओठ हलवत वाचू लागला :

'बोका वारंवार बसतो, कण्हतो, थेंबच येतात, पोटाखाली सतत चाटतो. हा स्वभाव नव्हे. लघवी अडली आहे. पूर्ण अडली तर बोका एक-दोन दिवसांत मरतो. उद्यावर टाकू नये.'

मित्रांनो, त्या ओळींत 'बहुधा' नाही. आख्ख्या आयुष्यात मी एवढा ठाम दुसरीकडे कुठे बोललेलो नाही.

"सकाळपासून कण्हत होता," बायको हळूच म्हणाली. "मला वाटलं, नाटक करतोय."

मुकादम अंगणात पिंपाच्या आडोशाला पडला होता. पोट दगडासारखे. शिंप्याने त्याला टोपलीत घातले, मला काखेत मारले आणि दुकान उघडे टाकून तो धावला. दवाखान्यात त्याने डॉक्टरीणबाईंसमोर ते पान धरले. त्यांनी आधी माझे मुखपृष्ठ पाहिले. मी शरमलो. मग नळी घालून त्यांनी मुकादमची लघवी मोकळी केली.

"उद्या आणला असता तर माझ्या हातात काही उरलं नसतं," त्या म्हणाल्या.

काही दिवसांनी मुकादम घरी आला. ट्रे शांत कोपऱ्यात गेला, दूध बंद झाले, पाण्याच्या वाट्या वाढल्या. मुकादमने मात्र शिंप्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. तो कपाटाखाली शिरला. शिंपी समोर जमिनीवर बसला आणि माझ्यात सांगितल्याप्रमाणे सावकाश डोळे मिटू लागला.

"अहो, झोप आली का?" बायकोने विचारले.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. माझ्यावर खुशाल चहाचे कप ठेवा. पण मुक्या जिवाला गुन्हेगार ठरवण्याआधी एकदा त्याच्या पोटाला हात लावा. तेवढी अक्कल तुम्हाला असावी. बहुधा.

शिंप्याने आधीचा कागद फाडला आणि माझ्या पाठीवर नवा ठेवला.

'ताई, उत्तराला उशीर झाला. मुकादमची लघवी अडली होती आणि मी त्याला टाकून देणार होतो. आता बरा आहे. तो माझ्याजवळ येऊन बसत नाही. मी त्याच्याजवळ जाऊन बसतो.'

पत्र त्याने स्वतः जाऊन पेटीत टाकले. टेबल आता डुगडुगते.