डनमोरच्या खालच्या रांगा

डनमोर कॉलेजच्या मुली सतत हरायच्या, त्या काळात त्यांच्या सामन्यांना माणूस फिरकत नसे. केंटकीतलं गाव, म्हणजे बास्केटबॉल रक्तातच. पण ते मुलांचं. मुलांचा सामना असला की दुकानं लवकर बंद व्हायची आणि मुलींचा असला की दिवे लावणारासुद्धा कुरकुरायचा. आर्डिथ कॉम्ब्स मात्र न चुकता यायची. शाळेची बस चालवून निवृत्त झालेली बाई. तिचा आवाज असा की बसच्या शेवटच्या बाकावरची पोरंही टरकून असायची. मैदानालगतच्या दुसऱ्या रांगेत बसून त्याच आवाजात ती एकेका मुलीला नावानिशी धीर द्यायची. तिच्या शेजारी व्हर्जिल स्टॅम्पर, गावचा म्हातारा न्हावी. त्याने पंचांचा समाचार घेण्याचं काम पत्करलं होतं.

"अरे, डोळे घरी विसरलास काय? दुकानात ये माझ्या, भुवया कापून देतो, मग तरी दिसेल!"

त्या हरणाऱ्या मुलींत कॅसिडी मुलिन्स होती. डोंगरातल्या खाणवस्तीतून आलेली, पहिल्याच वर्षी घरच्या आठवणीने रडून अर्धी झालेली. आर्डिथने तिला एका रविवारी चर्चमधून थेट घरी नेलं आणि कोंबडी नि मक्याचा गरम पाव वाढला. मग कॉलेज संपेपर्यंत कॅसिडीचं रविवारचं जेवण तिथेच. पाय मुरगळला तेव्हा तिला दवाखान्यात नेणारी, आईला फोन लावून देणारी आर्डिथच. तिला स्वतःला मूलबाळ नव्हतं; लोक कॅसिडीला "आर्डिथची पोर" म्हणायचे, आणि आर्डिथला ते आवडायचं.

पुढे कॅसिडी त्याच कॉलेजात नोकरीला लागली. तिकिटं आणि प्रेक्षक हे खातं तिच्याकडे आलं. एका सकाळी ती आर्डिथच्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

"मिस आर्डिथ, एक काम आहे. तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही."

"आधी खाऊन घे. काम कुठे पळून जात नाही."

काम असं होतं, की आजूबाजूच्या कॉलेजांच्या कॉन्फरन्सची, म्हणजे क्रीडासंघटनेची, मोठी स्पर्धा दर मार्चमध्ये दूरच्या शहरात व्हायची. मुलींच्या सामन्यांना डनमोरचं सभागृह भरलं, तर ती स्पर्धा इथे आणता येणार होती.

"लोक आणा तुम्ही. आपल्याच घरात, आपल्याच जागांवर बसून बघू सगळे."

आर्डिथ कामाला लागली. चर्चमध्ये, केशकर्तनालयात, नाश्त्याच्या हॉटेलात, सगळीकडे तिने लोकांना गाठलं. "येता मुकाट्याने, की दारात येऊन हॉर्न वाजवू?" म्हणायची. "पोरी आपल्या आहेत. आज जो बसेल त्याची जागा स्पर्धेतही त्याचीच." लोक हसत आले, मग सवयीने आले. मुलीही जिंकायला लागल्या. हिवाळा सरता सरता सभागृहात बसायला जागा मिळेना आणि स्पर्धा डनमोरला मिळाली. कॅसिडीने भर गर्दीत तिला मिठी मारली. "ही तुमची स्पर्धा आहे!"

स्पर्धेची तिकिटं हातात पडली तेव्हा आर्डिथला वाटलं, छपाईत चूक झाली. तिची आणि व्हर्जिलची जागा पार वर, छताखाली. चर्चमधल्या सगळ्यांचीही तिथेच. ती तडक कॅसिडीच्या कचेरीत गेली.

"खालच्या रांगा देणगी देणाऱ्या कंपन्यांना गेल्यात, मिस आर्डिथ," कॅसिडी टेबलाकडे बघत म्हणाली. "माझ्या हातात नव्हतं."

"कधी ठरलं हे?"

"कॉन्फरन्सशी पहिलं बोलणं झालं तेव्हाच."

"म्हणजे माझ्याकडे जेवायला बसली होतीस, तेव्हा तुला ठाऊक होतं."

कॅसिडी टेबलावरचे कागद सारखे करू लागली. आर्डिथ तिकिटं उचलून बाहेर पडली. 

तरी ती स्पर्धेला गेली. खेळणाऱ्या मुलींचा त्यात काय दोष? अंतिम सामना दुपारी होता, डनमोरच्या मुली त्यात पोहोचल्या होत्या. वरच्या बाकांवर गाव दाटीवाटीने बसलं होतं आणि खाली पहिल्या पाच-सहा रांगा मोकळ्या. कंपन्यांचे पाहुणे आतल्या दालनात खाण्यापिण्यात रमले होते. थोड्या वेळाने कॅसिडी धापा टाकत जिना चढून आली.

"सगळे खाली चला, पटकन! टीव्हीवर रिकामं दिसतंय. पाहुणे आले की तेवढं उठायचं."

लोक धडाधड उठले. व्हर्जिलही उठला.

"चल गं, आपली जागा परत मिळतेय."

"आपली नाही. शोभेसाठी बसवतायत आपल्याला."

"बसवू देत! मला पंचाचं तोंड जवळून बघायचंय."

"जा मग."

"आर्डिथ, हट्ट करू नकोस."

"जा म्हटलं ना."

तो क्षणभर घुटमळला आणि कठड्याला धरून उतरून गेला. ज्यांना तिने दारोदार फिरून गोळा केलं होतं, ती सगळी माणसं खाली बसून कॅमेऱ्याला हात हलवत होती. आर्डिथ वर एकटी उरली. कॅसिडीपेक्षा त्या क्षणी तिला व्हर्जिलचाच जास्त राग आला.

शेवटच्या मिनिटांत गुण बरोबरीत होते. ब्रायली नावाची ठेंगणी पोर फ्री थ्रोचे दोन मोकळे चेंडू टाकायला उभी राहिली. पहिला चेंडू कडीला लागून बाहेर गेला. पोरीचा चेहरा उतरला. आर्डिथने ठरवलं होतं, आज तोंड उघडायचं नाही. पण राहवलं नाही.

"ब्रायली! गुडघे वाकव, बाळा!"

दुसरा चेंडू आत गेला. तेवढ्यात दालनातून पाहुणे आले आणि गणवेशातल्या रखवालदारांनी गावकऱ्यांना जागेवरून उठवलं. डनमोर जिंकलं तेव्हा व्हर्जिल भिंतीला टेकून उभा होता, समोरच्या उंच माणसाच्या पाठीमुळे त्याला काही दिसत नव्हतं.

बाहेर गाड्यांपाशी कॅसिडी पळत आली. "जिंकलो आपण!"

"मुली जिंकल्या. छान खेळल्या."

"जागेमुळे रागावलात ना? पुढच्या वर्षी मी स्वतः..."

"जागेचं राहू दे. वरूनही दिसतं," आर्डिथ म्हणाली. "माझ्या तोंडून तू अख्ख्या गावाला खोटं सांगितलंस, कॅसिडी. लोक तुझ्या शब्दावर आले नव्हते."

कॅसिडीचे डोळे भरले. "रविवारी येऊ का? नीट बोलू."

या पोरीला आजवर तिने कधी नाही म्हटलं नव्हतं.

"नको येऊस," ती म्हणाली आणि गाडीत बसली.

व्हर्जिलने आठवडाभराने दारात येऊन टोपी काढली. "गाढव आहे मी." तिने त्याला आत घेतलं, कॉफी दिली. त्याच्यावर फार काळ रुसणं तिला जमलं नाही. कॅसिडीने दोनदा फोन केला, तो तिने उचलला नाही.

थंडी पडली, नवा मोसम आला. चर्चच्या पायऱ्यांवर पाद्रीबाईंनी हसत विचारलं, "काय आर्डिथ, यंदाही न्यायचं ना आम्हाला सामन्याला?"

आर्डिथने हातमोजे चढवले.

"तुम्हाला जायचं तर जा," ती म्हणाली. "मी सांगते म्हणून जाऊ नका."