उसनी आई

आमचे धाकटे भाऊजी गोड बोलायला लागले की मला आधी घाम फुटतो. त्या रविवारी सकाळी ते टोपली घेऊन दारात उभे. टोपलीत पांढरं, केसाळ, इवलंसं पिल्लू.

"वहिनी, तुमची बाहेरची खोली जरा हवी होती. गिऱ्हाईक येतंय."

"का? तुमच्या घराला काय झालं?"

"तुमचं घर कसं घरासारखं दिसतं."

मी कपडे शिवते. बाहेरच्या खोलीत माझं मशीन, चिंध्यांचं गाठोडं, एक सोफा आणि सोफ्यावर आमची म्हातारी कुत्री. सोफा तिचा, आम्ही पाहुणे. भाऊजींनी पिल्लू उचलून थेट तिच्या पोटाशी ठेवलं आणि म्हणाले, "कोणी विचारलंच तर हीच याची आई."

मला हसूच फुटलं. "अहो, तिचं ऑपरेशन होऊन किती वर्षं झाली! दात पडायच्या वयात तिच्या गळ्यात बाळ बांधताय? खरी आई कुठंय याची?"

"आहे शेडमध्ये. ती दाखवण्यासारखी नाही."

दाखवण्यासारखी नाही म्हणजे काय, असं विचारायला तोंड उघडलं आणि बेल वाजली.

गिऱ्हाईक म्हणजे एक निवृत्त पोस्टमन. उंच, किडकिडीत, बोलायला मोठे मिठ्ठास. "नोकरीत जन्मभर कुत्री अंगावर आली," म्हणाले, "आता म्हटलं, एखादं आपणहून मांडीवर घ्यावं. ही गेल्यापासून घर खायला उठतं." मग त्यांनी पिल्लाकडे पाहिलं. त्याला धड उभंही राहता येत नव्हतं. "किती लहान आहे हो! आई हीच का?"

"हीच, हीच," भाऊजी म्हणाले. "काय वहिनी?"

मी काही बोलायच्या आत म्हातारीनंच निकाल लावला. तिनं पिल्लाला हुंगलं, गुरगुरली आणि सोफा सोडून तरातरा स्वयंपाकघरात निघून गेली. पिल्लू सोफ्यावर कुईकुई करत तिच्या दिशेनं सरपटायला लागलं. दूध हवं होतं त्याला. सोफ्याच्या कडेवरून खाली पडणार तोच मी त्याला झेललं, आणि माझं डोकंच फिरलं.

"ही याची आई नाही," मी म्हणाले. "ही माझी कुत्री आहे. यांनी उसनी घेतलीय."

"वहिनी!"

"ओरडू नका. काका, चपला घाला. खरी आई बघून येऊ."

भाऊजींचं घर मागच्याच गल्लीत. वाटेत ते सारखं एकच सांगत होते, की नोकरी गेल्यावर माणसानं काय करायचं, मी काय चोऱ्या करतो का. चोऱ्या नव्हत्या करत, खरं आहे. पण शेडचं दार उघडलं आणि फिनेलच्या वासानं मला ठसका लागला. पत्र्याखाली तीन पिंजरे, तीन कुत्र्या. भाऊजींनी शेवटचा उघडला. आतल्या कुत्रीच्या केसांच्या जटा झाल्या होत्या, नखं वाढून आत वळली होती, पोट लोंबत होतं. बाहेर काढली तर सपाट फरशीवर तिचे पाय लटपटायला लागले. पिंजऱ्याच्या जाळीवर उभं राहायचीच सवय, दुसरं काय! आमच्याकडे तिनं मान वर करूनही पाहिलं नाही.

मी पिल्लू खाली ठेवलं. तेव्हा कुठं ती हलली. त्याला ओढून घेतलं आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत चाटत सुटली, नुसती घाईघाईनं. तिला ठाऊक होतं, वेळ थोडा असतो.

"याची भावंडं?" पोस्टमनकाकांनी विचारलं.

"विकली गेली की. लहान असतानाच खपतात. मोठं झालेलं कोण घेतं?"

काका त्या दोघांजवळ उकिडवे बसले. मग म्हणाले, "मी हे नेणार नाही. मी आज हे नेलं तर तुम्ही हिला उद्या पुढच्या पिल्लांसाठी पुन्हा त्याच पिंजऱ्यात घालणार."

"तुम्ही नाही, तर दुसरा नेईल."

"नेऊ दे की," मी म्हणाले. "फक्त तो येईल तेव्हा दारात मी उभी असेन. आणि तोंड कसं चालतं माझं, ते तुम्हाला माहीत आहे!"

भाऊजींना ते चांगलंच माहीत होतं. मी त्या माउलीला पदरात गुंडाळून उचललं, काकांनी पिल्लू घेतलं. उरलेल्या दोघींसाठी काकांनी तिथूनच प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला फोन लावला. संध्याकाळपर्यंत त्यांची गाडी आली. घरी आमचे हे म्हणाले, "भावाचा धंदा बुडवलास." म्हटलं, "हो, बुडवला. चहा घेणार?"

नवी पाहुणी माझ्या मशीनखाली जाऊन बसली. मशीन सुरू केलं की थरथर कापायची, म्हणून मी मशीनच बंद ठेवलं. गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली. तिला नाव नव्हतंच, मी बाईसाहेब म्हणायला लागले. डॉक्टरांनी जटा आणि वाढलेली नखं कापली आणि बजावलं, "पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत आईजवळून हलवायचं नाही. ते गेलं की सवडीनं हिचं ऑपरेशन करू."

त्यानंतर पिल्लू काकांनीच न्यायचं ठरलं; तोवर ते दर रविवारी यायचे. पत्र नाही, पार्सल नाही, नुसते येऊन फरशीवर बसायचे. हात लावायचे नाहीत. आधी पिल्लू त्यांच्या पायांच्या बोटांशी खेळायला लागलं. मग एकदा बाईसाहेबच मशीनखालून बाहेर आल्या, त्यांचा गुडघा हुंगला आणि परत गेल्या. काकांचे डोळे भरून आले. भाऊजी मात्र अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. पण एका सकाळी दाराबाहेर कुत्र्यांच्या खाण्याची पिशवी ठेवलेली सापडली. कोणी ठेवली ते मी विचारलं नाही.

पिल्लू न्यायचा दिवस आला तसा माझा जीव खालीवर व्हायला लागला. आजवर हिची सगळी पोरं ओढून नेली, आणि आता मीही तेच करणार. ही रडेल, दाराशी डोकं आपटेल, खाणं सोडेल. नको नको ते मनात येत होतं. काका आले. पिल्लू आता चांगलं गुटगुटीत झालं होतं आणि आईचा कान धरून ओढत होतं. सुईसारखे दात. आईनं त्याला दोनदा झटकलं, तिसऱ्यांदा गुरगुरून दटावलं. काकांनी त्याला उचललं.

बाईसाहेबांनी काकांच्या हातातल्या पिल्लाकडे पाहिलं. मोठी जांभई दिली. मग खोलीच्या मधोमध चारी पाय पसरून आडव्या झाल्या आणि काका जिना उतरायच्या आत घोरायला लागल्या.

रडत होते ती मी. तिला आजवर कंटाळा येईपर्यंत आई होऊच दिलं नव्हतं कोणी, आणि या खेपेला तिला मनसोक्त कंटाळा आला होता.