घोंगड्यावर बसून सांगा

मी घोंगडं बोलतोय. कवठे महांकाळकडच्या बिराप्पा धनगराचं. लोकर त्याच्याच मेंढरांची, विणलं सनगरानं. आमच्यात रीत आहे, भांडण असो की सोयरीक, घोंगडं अंथरून त्यावर बसून बोलायचं. माझ्यावर बसून कुणी खोटं बोलत नाही.

चौऱ्याहत्तर साली बिराप्पाच्या बायकोला, बनाबाईला, पहाटे कळा सुरू झाल्या. राहीबाई सुईणीनं पोट चाचपलं न् म्हणाली, "मूल आडवं हाय. माज्या हातचं न्हाई. सांगलीला न्या." बिराप्पानं जराही वेळ दवडला नाही. मालट्रकमध्ये मला अंथरलं, बनाबाईला माझ्यावर निजवलं. हळदीचा बाजार भरायच्या आत आम्ही सांगलीत होतो. हे ध्यानात ठेवा.

पहिला दवाखाना एका बड्या डॉक्टरच्या मालकीचा. फरशीत तोंड दिसावं. डॉक्टर हजर, ऑपरेशनची खोली तयार. पण टेबलामागचा माणूस म्हणाला, "आधी अनामत भरा." बिराप्पानं बनाबाईला बाकावर टेकवलं, मला फरशीवर अंथरलं, वर बसला. "मेंढरं इकून पैसं देतो सायब. घोंगड्यावर बसून सांगतोय." भोळ्याला वाटलं, झालं काम! सगळे हसले. "उचल रे हे, वास मारतंय." वास माझा होता की त्यांच्या गल्ल्याचा?

दुसरा दवाखाना धर्मादाय. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पैशाचं नावही काढलं नाही. बनाबाईला तपासून सलाईन लावलं आणि चक्क माझ्यावर येऊन बसल्या. "दादा, खरं सांगते. हिचं पोट उघडावं लागेल. आमच्याकडं भूल देणारे डॉक्टर फक्त गुरुवारी येतात." त्या दिवशी सोमवार होता. भिंतीवर देणगीदारांची नावं संगमरवरात कोरलेली. एवढा दगड घेतलात, त्यात एक भूल देणारा बसला नसता का हो? बाईंनी जीप मात्र दिली.

तिसरं शिकाऊ डॉक्टरांचं मोठं हॉस्पिटल. तिथं सगळं होतं, पैसेही मागितले नाहीत. पण आधी एकानं पोट दाबून पाहिलं, मग दुसऱ्यानं, मग मोठे डॉक्टर येईपर्यंत सगळ्यांनीच. बनाबाई ओरडायची तेव्हा वह्यांत काहीतरी लिहायचे. दिवेलागणीला ऑपरेशन झालं. बनाबाई वाचली. मूल गेलं. माझ्यातच गुंडाळून बिराप्पानं ते कृष्णाकाठी नेलं. केवढंसं होतं हो ते!

दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर शिकाऊ पोरांना घेऊन खाटेपाशी आले. म्हणाले, "ही केस उशिरा आली. खेड्यातली माणसं नेहमीच उशीर करतात. लिहून घ्या."

बनाबाई पडल्या पडल्या म्हणाली, "आमी कवाच आलो व्हतो. दिसभर हितंच फिरत व्हतो, सांगलीत." पोरं लिहीतच राहिली.

मग बिराप्पा उठला. दोन खाटांच्या मधे त्यानं मला अंथरलं, हातानं सुरकुत्या काढल्या. "सायब, हितं बसा," तो म्हणाला. "बसून सांगा, आमी उशिरा आलो म्हून."

डॉक्टर पुढच्या खाटेकडं वळले.

आज मी जागोजागी विरलोय. तरी बिराप्पा मला टाकत नाही. दवाखाना मालकाचा असो, धर्माचा असो की कॉलेजचा, कुणीही यावं. जागा अजून रिकामीच आहे. बसावं, आणि मग म्हणावं, बनाबाई उशिरा आली.